कोर्टात नेलेला नारळ

आमच्या ह्यांनी कोर्टात नारळ नेला होता. आता सांगताना हसू येतं, पण त्या दिवशी तोच नारळ पिशवीत घेऊन मी एकटी परत आले तेव्हा बसमध्ये माझ्या शेजारची जागा गावापर्यंत रिकामी होती. माझं तोंड बघून कोणी बसलंच नाही.

नारळ कशाला, ते आधी सांगते. आमचं गाव तलावाखालचं. तलाव जुना, गावातल्याच वाडवडिलांनी खपून बांधलेला, आणि त्याच्या बांधाला आमच्याकडे पार म्हणतात. धानाला पाणी कोणाला कधी, हे त्या पारीवर ठरतं. पाण्यावरून भांडणंही होतात, कुठं होत नाहीत? पण ती मिटायचीही तिथंच. रीत अशी की ज्याची चूक त्यानं उभं राहून म्हणायचं, "चुकलो जी." मग पाणी वाटणारे बाबा विचारतात, "आखीन काही सांगाचा हाय का?" तो म्हणतो, "नाई." संपलं. नारळ फोडायचा, चहा प्यायचा, आपापल्या घरी जायचं. चूक कबूल केल्यावर वर खुलासे देत बसणं आमच्याकडे फार हलकं समजतात. कोणी "चुकलो, पन" असं सुरू केलं की बाबा त्याला खाली बसवतात. म्हणतात, "तो पन घरी ठेवून ये, मंग बोल."

ह्यांचं भांडण झालं ते आमच्या धुऱ्यावरच्या शेजाऱ्याशी. त्याची बांधी, म्हणजे धानाचा वाफा, वर, आमची खाली, मधे एक धुरा, मातीचा बांध. ते वर्ष पोळ्यानंतर पावसानं दडी मारल्याचं होतं. धान पोटरीवर आलेलं आणि जमिनीला भेगा. तलावाचं पाणी पाळीपाळीनं सुटत होतं. त्या दिवशी पाळी शेजाऱ्याची होती, आमची दुसऱ्या दिवशीची. दुपारी त्यानं बघितलं तर त्याच्या बांधीतलं पाणी धुऱ्याच्या फटीतून आमच्या बांधीत उतरत होतं. तो धावत आला आणि ह्यांना चोर म्हणाला. ह्यांची गचांडी धरली. ह्यांच्या हातात फावडं होतं. झटापटीत ते फावडं उचललं गेलं आणि त्याच्या खांद्यावर बसलं. रक्ताची धार लागली. ह्यांनीच आपला दुपट्टा फाडून बांधला आणि ह्यांनीच त्याला मोटरसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेलं.

चौथ्या दिवशी पारीवर सगळं मिटलं. हे उभे राहिले, "चुकलो जी" म्हणाले, नारळ फुटला. शेजाऱ्यानं पट्टी बांधलेल्या हातानं नाही, दुसऱ्या हातानं चहा घेतला, पण घेतला. आम्हाला वाटलं, झालं. पण फावड्याची जखम म्हटल्यावर दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं होतं, आणि हत्यारानं जखम केल्याचा गुन्हा दोघांनी आपसात मिटवून मिटत नाही, हे आमच्या गावात कोणाला माहीत होतं? शेजाऱ्यालाही नव्हतं. दीड वर्षानं समन्स आलं तेव्हा तोच आमच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "हे कायचं हाय गा?"

तालुक्याच्या कोर्टात गेलो तो पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायचा हंगाम होता. हे म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे, दुपारपर्यंत परत येऊ. मी सोबत गेले, कारण मला ह्यांच्या पाच मिनिटांवर कधीच भरवसा नव्हता. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि वकील हवा असेल तर सरकारी खर्चानं देतो म्हणाले. हे म्हणाले, "वकील कायले जी? मारलो तं मारलो." न्यायाधीशांनी समजावलं की कबूल केलं तर शिक्षा होऊ शकते. हे म्हणाले, "समजला जी. गुन्हा कबूल हाय." मग त्यांनी विचारलं, "शिक्षेबद्दल तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?"

आता बघा. हाच तर पारीवरचा प्रश्न. आणि पारीवरचं उत्तर ह्यांच्या जिभेवर लहानपणापासून बसलेलं.

"नाई," हे म्हणाले.

गचांडी त्यानं धरली होती, हे सांगितलं नाही. दवाखान्यात आपणच नेलं, सांगितलं नाही. गावात मिटलंय, घरी म्हातारी आई आहे, मुलगी बारावीला आहे, आजवर कोणाला बोटही लावलं नाही, यातलं एक अक्षर नाही. मी मागच्या बाकावरून उठून उभी राहिले तर शिपायानं हातानंच बसवलं. कागदावर जे होतं तेवढंच न्यायाधीशांपुढे होतं: फावडं, खांदा आणि कबुली. एक वर्ष कैद. हे माझ्याकडे वळून बघत होते, ते नारळाची पिशवी मागत होते हे मला नंतर कळलं. पोलीस बाजूला येऊन उभा राहिला तेव्हा कुठं ह्यांचा चेहरा उतरला.

मी काय काय बोलले असेन तेव्हा. ह्यांना बोलले, कोर्टाला बोलले, पारीच्या रितीला बोलले. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खरा बोलला ना?" माझं डोकं फिरलं. खरं बोलण्यानं पऱ्हे टाकले जातात का? पोरीची फी भरली जाते का? नारळ मी देवापुढे ठेवला नाही, धानाच्या कोठीवर आदळला आणि तिथंच राहू दिला.

माझं माहेर सौंदडचं. भाऊ दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं आला आणि मला गोंदियाला घेऊन गेला. तिथं गरिबांना फुकट वकील मिळतो असं त्यानं कुठूनसं काढलं होतं. आम्हाला मिळाली एक बाई वकील, चाळिशीची, डबा खात खात कागद वाचणारी. गोंदियाचीच, त्यामुळे बोलणं अर्धं हिंदीत. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं की ह्यांना कायदा कळत नाही, ते घाबरून कबूल झाले, ती कबुली आम्ही मागे घेतो.

"घबरा गये थे क्या?" तिनं विचारलं.

मला हो म्हणवेना. हे घाबरलेले नव्हतेच. ह्यांना तेव्हा उलट बरं वाटत होतं.

"देखिये ताई," ती म्हणाली, "समजून उमजून दिलेली कबुली आहे. गुन्हा केला की नाही, तो दरवाजा बंद झाला. पण शिक्षा जास्त आहे का, एवढ्यासाठी अपील होतं. त्या दरवाजातून जाऊ."

"म्हणजे अर्धंच अपील?" मी म्हटलं. फुकटचा वकील म्हणून अर्धं काम करतेय, असं माझ्या मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू.

"जेवढं उरलंय तेवढं पूर्ण," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. "आता मला सांगा, भांडण झालं कशावरून?"

"पाण्यावरून," मी म्हटलं.

"पानी किसने खोला था?"

मी म्हटलं, "कोणास ठाऊक. फुटलं असेल आपोआप."

आता लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. आपोआप काही फुटलं नव्हतं. त्या दुपारी मी ह्यांची भाकर घेऊन शेतावर गेले होते. वरच्या बांधीत पाणी धानाच्या कमरेपर्यंत, आणि आमच्या बांधीत पाय घातला तर टाच भेगेत जाईल अशी गत. मी इकडं तिकडं बघितलं आणि टाचेनं धुऱ्यातलं एक ढेकूळ सरकवलं. एकच. म्हटलं, येवढ्याशा पाण्यानं त्याचं काय जातं? भाकर ठेवली आणि घरी निघून आले. पुढं तासाभरात जे झालं ते झालं. चोर ह्यांना म्हटलं गेलं, आणि चोर घरात भांडी घासत होती.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. दीड वर्ष नाही.

पाचव्या दिवशी अपील दाखल झालं, आणि त्याच आठवड्यात मी भंडाऱ्याच्या जेलात ह्यांना भेटायला गेले. मधे जाळी, दोन्ही बाजूंनी माणसं ओरडून बोलत होती. हे बरेच वाळले होते. मी मायेनं बोलायचं ठरवून गेले होते आणि तोंडातून निघालं ते, "तुमाले कोनी बोलाले मनाई केली होती का?"

"काय बोलाचा होता?"

"त्यानं गचांडी धरली, ते सांगाचा. शिव्या देल्या, ते सांगाचा."

"फावडा कोनाच्या हातात होता?" हे म्हणाले. "मारलो तं मीच ना."

"अन् पानी?" माझ्या तोंडून गेलंच. "पानी तुमी कुठं सोडलं होतं?"

हे जाळीजवळ सरकले. मग म्हणाले, "तुझ्या लुगड्याचा काठ चिखलानं भरून होता त्या दिवशी. मी पाह्यलो होतो. कोरड्या बांधीतून कोनाच्या काठाले चिखल लागते व?"

 हे सगळं त्या दिवसापासून ह्यांना माहीत होतं. मी म्हटलं, मग पारीवर तरी का नाही सांगितलं? तर म्हणाले, "घरातलाच हात होता. कोनता, ते सांगून काय करता?" आणि लगेच, "पऱ्हे टाकलीस का?" मी रडत रडत त्यांना बियाणं किती लागलं ते सांगितलं.

अकराव्या दिवशी हे सुटले. सुटले म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवली होती, जामीन माझा भाऊ राहिला. वकीलबाईंनी गेटवरच बजावलं, "ये छूटना नहीं है, रुकना है. निकाल उलटा गेला तर वर्ष भोगावं लागेल." रोवणं झालं, निंदण झालं. हे रोज कामाला जात होते, पण नवीन काही हाती घेत नव्हते. गोठ्याचं छप्पर उतरवलेलं होतं, ते म्हणाले राहू दे. आणि धुऱ्यावर शेजारी भेटला की दोघं आधीसारखे बोलत नसत. चहा प्यायले होते, खरं. पण "चोर" हा शब्द त्यानं परत घेतला नव्हता आणि ह्यांनी मागितला नव्हता.

मधेच वकीलबाईंचा फोन आला. माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं, पण त्याआधी कोर्टाचा एक अधिकारी गावात येऊन चौकशी करून अहवाल देतो. "जो पूछे, सच बताना," बाई म्हणाल्या. "आपल्याकडे सचच्या शिवाय दुसरं काहीच नाही." ह्यांच्यावरून हे वाक्य तिला सुचलं असणार.

अधिकारी आला तो साधा माणूस होता, पायजमा भिजल्यामुळे हैराण झालेला. अंगणात खाट टाकून दिली, चहा दिला. ह्यांना विचारून झालं, सासूबाईंना विचारून झालं. मग माझ्याकडे वळला. "भांडणाचं कारण काय, बाई? तुमच्या यजमानांनी पाळी नसताना पाणी घेतलं, असं कागदात आहे."

हे गोठ्यात होते. मला म्हणता आलं असतं, हो, असेल. किंवा माहीत नाही. पण तो कागद कोर्टात जाणार होता, आणि त्यात माझा नवरा मारकुटाही आणि चोरही असं लिहून जाणार होतं. मारकुटा तो नाही, पण मारलं तरी होतं. चोर मात्र तो नव्हता.

"ह्यांनी नाही," मी म्हटलं. "मी घेतलं. टाचेनं ढेकूळ सरकवलं. लिहा."

त्यानं लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "हे शेजाऱ्यांना माहीत आहे?"

"नाही," मी म्हटलं. त्यानं कागद मिटला. उठून शेजाऱ्याच्या घराकडे गेला आणि मी तिन्हीसांजेपर्यंत दारात उभी. तिकडून ना आरडाओरडा ना काही. त्यानं तिथं सांगितलंच नव्हतं.

निकालाच्या दिवशी गोंदियाला आम्ही चौघं गेलो. हे, मी, माझा भाऊ आणि शेजारी. शेजाऱ्याला वकीलबाईंनी बोलावलं होतं, आपली आता काही तक्रार नाही असं लिहून द्यायला. तो आला होता, स्वतःच्या तिकिटानं, सबंध वाट खिडकीबाहेर बघत. ह्यांनी पिशवीत दोन जोडी कपडे भरून घेतले होते. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "लागले तं."

कोर्टात वकीलबाई उभ्या राहिल्या. डबा खाणारी ती बाई ही नव्हेच. पहिल्याच तारखेला कबुली, मागचा कुठलाही गुन्हा नाही, जखमीला दवाखान्यात यानंच नेलं, सगळं एकामागून एक सांगत गेली. जे ह्यांनी "नाई" म्हणून गिळलं होतं, ते ती बोलत होती, आणि ह्यांनी मान खाली घातली होती. आपली तारीफ ऐकायची त्यांना सवय नाही. मग तिनं अहवाल हातात घेतला. भांडण अचानक झालं, आधीचं वैर नव्हतं, हे दाखवायला तिनं ते वाचलंच: पाळी नसताना पाणी आरोपीनं घेतलं नव्हतं, पत्नीनं स्वतः घेतल्याचं तिनं सांगितलं आहे.

शेजारी माझ्याच बाकावर बसला होता, मधे माझा भाऊ. मी समोर बघत राहिले. शेजारी हललासुद्धा नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल वाचला. इंग्रजीत होता, मग न्यायाधीशांनी ह्यांना मराठीत सांगितलं. गुन्हा कायम. कैदेची शिक्षा रद्द. एक वर्ष चांगलं वागण्याची हमी लिहून द्यायची, ती मोडली तर मात्र परत बोलावू. हे ऐकत होते आणि त्यांना कळत नव्हतं. त्यांनी कपड्यांची पिशवी उचलली आणि पोलीस कुठून येतो ते बघायला लागले. वकीलबाईंनी त्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि माझ्याकडे दिली. "घर ले जाओ," म्हणाल्या.

बाप्पा, काय हलकं वाटलं. कोर्टाबाहेर मी बाकावर बसले ती उठेचना. कितीतरी महिन्यांनी मला भूक लागली होती. भावानं समोसे आणले, मी तीन खाल्ले. हे उभ्या उभ्या खात होते आणि माझ्या भावाला गोठ्याच्या छपराला किती टिनं लागतील ते विचारत होते.

शेजारी मात्र लांब उभा होता. मी त्याच्यासाठी समोसा घेऊन गेले. त्यानं घेतला नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "दोन वर्सं मी या मानसाले चोर म्हनून राहिलो."

"हो भाऊजी."

"गावभर सांगलो. माह्या पोरासमोर सांगलो. अन् हा ऐकून राहिला." त्याचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "कागदावर लिहून देल्ली ते ठीक हाय. हे पारीवर सांगाचा होता."

मग त्यानं समोसा घेतला आणि ह्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला.  थोड्या वेळानं मी बघितलं तर तो ह्यांना विचारत होता, धुऱ्यावरची तूर कधी काढतोस.

पारीवर बाया उभ्या राहत नाहीत. येतात, खालच्या अंगाला बसतात, पण उभी राहून बोललेली मी तरी पाहिली नव्हती. धान कापून झाल्यावर वर्षाची बैठक बसली तेव्हा मी कोठीवरून नारळ काढला. हलवून बघितला तर आत पाणी वाजत नव्हतं, नुसता गोटा खुळखुळत होता. हे म्हणाले, "राहू दे ना. आता मिटला तं हाय." मी म्हटलं, तुमचं मिटलं.

सगळा गाव होता. शेजारी होता, त्याचा मुलगा होता, माझी मुलगी होती. मी उठले आणि सरळ सांगितलं. त्या दुपारी पाणी ह्यांनी नाही घेतलं, मी घेतलं, आणि दोन वर्षं चूप बसली. चुकली जी.

बाया माझ्याकडे वळून बघायला लागल्या. बाबांनी डोळ्यांवरून हात फिरवला, इतकं म्हातारपण आलंय त्यांना. मग नेहमीसारखं विचारलं, "आखीन काही सांगाचा हाय का?"

होतं की. भेगा किती मोठ्या होत्या ते सांगायचं होतं. त्याच्या बांधीत पाणी कमरेपर्यंत होतं ते सांगायचं होतं. एकच ढेकूळ होतं, पोरीची फी होती, मी काय मारायला सांगितलं होतं का, अकरा दिवस मी काय भोगलं, सगळं ओठांवर आलं होतं, आणि मी कधी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. सगळे वाट बघत होते. ह्यांच्याकडे बघितलं. हे तळव्यावर नारळ घेऊन बसले होते, कोर्टात माझ्याकडे वळून बघितलं होतं तसेच बघत होते.

"नाई," मी म्हटलं.

ह्यांनी नारळ दगडावर आपटला.